पाष्टे मिस्त्रींचा कान

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी माझ्या दुकानासमोर गाडी उभी करतं, काच खाली घेतं आणि विचारतं, "भाभी, बाजूवाले मिस्त्री किधर गये?" गावाला गेले, असं मी सांगते. मग तो माणूस हळहळतो, असा कारागीर परत मिळायचा नाही म्हणतो, आणि आता गाडी कुणाकडे न्यायची ते मलाच विचारतो. मी रबरी बुशांची पुडी बांधता बांधता मान हलवते. मला त्या वेळी त्याचा राग येतो, माझा तर त्याहून जास्त येतो. पण गिऱ्हाइकाला काय त्याचं?

भाईंदरला नवघरच्या आतल्या रस्त्यावर आमचं स्पेअरपार्टचं दुकान आहे. नवरा होता तेव्हा तो बसायचा, तो गेल्यापासून मी बसतेय. बाई शॉकअप आणि बुश विकते याची लोकांना आधी फार गंमत वाटायची. मी मुळातच तोंडाळ, म्हणून निभावलं. आमच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती, ती यशवंत पाष्टे मिस्त्रींची. माझ्या नवऱ्याचे ते मित्र, म्हणून मी त्यांची वहिनी. वयाने माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठे, तरी वहिनीच.

मूळचे लांज्याकडचे. बायको गावाला घर सांभाळून, आणि हे इथे शेडच्या मागच्या खोलीत. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले आणि वरसाव्याला हायवेवर एका कमानवाल्याकडे घण मारायला लागले. ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत असते, सगळं ओझं ती पेलते, तिला कमान म्हणतात. त्या पट्ट्या भट्टीत लाल करायच्या आणि ठोकून वळण द्यायचं. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी तेच केलं. पुढे स्वतःची शेड टाकली, ट्रकबरोबर छोट्या गाड्याही घ्यायला लागले, पण काम फक्त गाडीच्या मागच्या भागाचं. पुढचं काम आणलं की समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवायचे. म्हणायचे, पुढची बाजू ड्रायव्हरची, मागची मिस्त्रीची. पुढची चाकं कुठे जातायत ते चालवणाऱ्याला दिसतं, मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही, म्हणून मागची हमी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची असते.

माणूस बोलायला कमी. शिव्या द्यायचे त्या गाड्यांना, माणसांना नाही. "ही मेली डावीकडे रडतेय," असं म्हणत एखाद्या टेम्पोखाली शिरायचे आणि तासाभराने बाहेर यायचे. गिऱ्हाइकाच्या सीटवर मळक्या कपड्यांनी कधी बसले नाहीत, आधी जुना पेपर अंथरायचे. दुपारी एक ते दोन फळीवर आडवे, तेव्हा नगरसेवक आला तरी उठायचे नाहीत. मला एकदाच काय ते टोमणा मारून बोलले असतील. म्हणाले, वहिनी, तुमचा माल एक नंबर आहे, पण भाव सांगताना तुम्ही माणसाकडे असं बघता की जणू तो चोरी करायला आलाय. मी आठ दिवस हसून भाव सांगितला. मग परत पहिल्यासारखी झाले.

त्यांच्याकडे एक छोटी हातोडी होती. काम कुठलंही असो, गाडी सोडायच्या आधी ते खाली शिरून प्रत्येक लोखंडावर ती हातोडी हलकेच मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. धड लोखंड वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. एका गणपतीत कोकणात जाणारी एक खासगी बस त्यांच्याकडे आली होती, किरकोळ कामाला. माणसं बसलेली, टपावर सामान बांधलेलं. मिस्त्रींनी कमान वाजवली आणि सांगितलं, बस जाणार नाही, तिसरी पट्टी गेलीय. मालकाने आरडाओरडा केला, मग कुठल्याशा पक्षाच्या माणसाला घेऊन आला. तो दम द्यायला लागला तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाले, तुम्हीच वाजवा. त्याने वाजवली, त्याला काय कळणार? मग मिस्त्रींनी अख्खी कमान खोलली. तिसऱ्या पट्टीत केसाएवढी चीर होती, आरपार. बसमधल्या एका म्हातारीने तिथल्या तिथे त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. तेव्हापासून भाईंदरच्या गाडीवाल्यांत एक बोलणंच पडून गेलं की गाडी पाष्ट्याने वाजवून दिलीय, आता बघायचं कारण नाही.

कान गेल्याचं पहिल्यांदा मलाच कळलं. त्यांच्या पाठीमागे एक ट्रक रिव्हर्स येत होता, टीं टीं वाजत, आणि हे ढिम्म उभे. मी धावत जाऊन बाही ओढली. बघत होतो मी, असं म्हणाले. मला खरं वाटेना. दोन दिवसांनी मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून मोठ्याने म्हटलं, मिस्त्री, तुमची बायको आली गावाहून. त्यांनी मान वर केली नाही. मग मी समोर जाऊन सरळ सांगितलं की कान दाखवून या. त्यांनी आधी रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं, मग दुकानात काउंटरच्या आत आले. इतक्या वर्षांत कधी आत आले नव्हते.

"वहिनी, कुणाला बोलू नका," म्हणाले. "माझं सगळं दुकान या कानावर आहे." आणि त्यांनी हात जोडले.

डावा पार गेला होता, उजव्यात थोडं उरलं होतं. इतकी वर्षं घणाशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! मी विचारलं, मग वाजवता कसं? त्यांनी मला शेडमध्ये नेलं, खाली पडलेल्या एका पट्टीवर माझं बोट ठेवलं आणि हातोडी मारली. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मग तुटक्या पट्टीवर बोट ठेवायला लावलं, तिथे काहीच आलं नाही. बोटाला कळतं, म्हणाले. मला पटलं. निदान तेव्हा पटलं असं मी धरून चालते, कारण न पटून गप्प बसले असेन तर मग माझ्यासारखी नालायक मीच.

त्यानंतर वर्षभरात ओंकार आला. मीरा रोडला राहणारा, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणारा सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा. त्याच्या वडिलांची जुनी गाडी होती, मागच्या चाकांनी पळणारी. वडील आजारी पडले तेव्हापासून ती खारीगावात मामाच्या वाडीत उभी होती, मिठागरांकडे पाठ करून. ते गेल्यावर त्याने ती बाहेर काढली, रंग दिला, खालून काळं डांबरासारखं कोटिंग मारून घेतलं आणि दुसरीकडून तिच्यात मोठं इंजिन बसवून आणलं. मूळ इंजिनाच्या तिप्पट ताकदीचं. आता ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं उड्या मारायची. हे काम आरटीओच्या कागदावर बसणारं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या रस्त्यावरचं अर्धं काम कागदावर बसत नाही.

मागे काय बसवायचं यावरून आठवडाभर दोघांची जुंपली. ओंकार रोज ऑफिस सुटल्यावर यायचा, मोबाइलवर व्हिडिओ दाखवायचा. त्याला परदेशी गाड्यांसारखं हवं होतं, मागचं प्रत्येक चाक सुटं. मिस्त्री म्हणाले, त्यासाठी गाडीचं पोट कापावं लागेल, आणि कापलेल्या पोटाची हमी मी देणार नाही. मग ओंकार म्हणाला, मूळची कमानच ठेवा, दोन पट्ट्या वाढवून कडक करा. त्यालाही मिस्त्री नाही म्हणाले. कडक गाडी आपल्या रस्त्यांवर उडणार, आणि हवेतल्या चाकाला ताकद देऊन काय उपयोग? शेवटी त्यांनी खडूने जमिनीवर आकृती काढली. मी कामं सोडून बघत उभी होते.

"कमान दोन कामं करते," ते म्हणाले. "ओझं पण उचलते आणि दोन चाकांमधल्या एक्सलला धरून पण ठेवते. ताकद कमी होती तोवर जमलं तिला. आता ओझं स्प्रिंगला देऊ, आणि धरायला चार रॉड लावू. एक्सल एकच राहील, पण वळणार नाही."

जाड स्प्रिंगा दोन, मऊ शॉकअप दोन, आणि एक्सलला पुढे-मागे, आडवं कुठेच हलू न देणारे चार रॉड. मी आजही सांगते, निवड बरोबर होती. त्या गाडीला त्याहून शहाणं काही बसलं नसतं.

ओंकारची बायको सायली दोन-तीनदा बरोबर आली होती. माझ्या दुकानात स्टुलावर बसून भेळ खायची आणि म्हणायची, काकू, ही गाडी माझी सवत आहे, लग्नातला माझा हार पण हिच्याच बॉनेटवर घालणार होता. लाघवी पोर. एकदा तिने मिस्त्रींना विचारलं, बसायला तरी बरी होईल ना हो? मिस्त्री कधी नव्हे ते हसले. म्हणाले, बाय, पाण्याचा ग्लास हातात धरून बसशील, सांडायचं नाही.

त्या चार रॉडांची पुढची टोकं गाडीच्या तळाला वेल्डिंग करायची होती. तळाला लांबलचक पत्र्याचा चौकोनी डबा असतो दोन्ही बाजूंना, सगळी ताकद शेवटी त्याच्यावर येते. वेल्डिंगच्या आधी मिस्त्री खाली झोपले आणि वाजवायला लागले. मी बुश द्यायला गेले होते, वाकून बघत होते. ओंकार माझ्या शेजारी उभा. उजव्या बाजूला दोन ठिकाणी हातोडी पडली, चांगली वाजली. डावीकडे पुढे वाजली. डावीकडे मागे पडली तेव्हा बद्द आवाज आला. माठ घेताना आई बोटाने वाजवून जो परत ठेवायची, तसा. मिस्त्रींचं बोट त्या काळ्या कोटिंगवर दाबलेलं होतं.

मी म्हटलं, मिस्त्री, बरं आहे ना? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेतला आणि म्हणाले, "ठणठणीत."

आवाज चुकला, असं त्यांना सांगणारी मी कोण? आणि सांगायचं म्हटलं तर ओंकारच्या देखत सांगायला हवं होतं, म्हणजे कानाचं बाहेर आलं असतं. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले होते. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी बुश तिथे ठेवले आणि निघून आले. ट्रकच्या पोलादावर शिकलेलं बोट, पातळ पत्र्यावर आणि वरून कोटिंगवर त्याला काय कळणार, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला आणि गेला.

चार महिने गाडी मस्त पळाली. ओंकार पेढे घेऊन आला. त्याचे मित्र येऊन आपापल्या गाड्या दाखवून गेले. मग एका रविवारी सकाळी दोघं घोडबंदर रोडने ठाण्याला तिच्या आईकडे निघाले होते. वरसाव्याच्या पुढे, चढावर, ओंकारने टँकरला मागे टाकायला गाडी दाबली. गाडीची मागची बाजू एकदम बाहेर फेकली गेली आणि गाडी आडवी होऊन डाव्या अंगाने रस्त्याकडेच्या भिंतीवर आदळली. सायली डावीकडे बसली होती. ती जागीच गेली.

ओंकारचा पाय तीन ठिकाणी मोडला. पोलिसांना त्याने स्वतःच सांगितलं की मी दाबली, माझी चूक. गाडी तपासणाऱ्यानेही कारण म्हणून वेग लिहिला, बाकी मोडतोड धडकेतली म्हणून सोडून दिली. केस त्याच्यावर झाली. मी त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा सायलीची आई सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, तू मारलंस माझ्या मुलीला. तो हो म्हणाला. मी तिथून चहा न घेता उठले.

पोलिसांच्या आवारात गाडी ठेवली होती. मिस्त्री तिसऱ्या दिवशी एकटेच जाऊन आले. आले ते थेट माझ्या दुकानात, परत काउंटरच्या आत. जमिनीवर बसले. वेल्डिंग सुटलं नव्हतं. डावीकडचा मागचा रॉड डब्याचा पत्राच घेऊन बाहेर आला होता, आणि तो पत्रा आतून गंजून कागदासारखा झाला होता. खाडीच्या हवेने आतल्या आत खाल्लेला, बाहेरून काळा कुळकुळीत.

"वहिनी, तुम्ही होतात तिथं," त्यांनी विचारलं. "आवाज कसा आला होता?"

मी म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं.

मी काउंटर पुसत राहिले. म्हाताऱ्याला या वयात चौकीत बसवतील, हे माझ्या डोक्यात होतं. शेडला कुलूप लागेल, हे होतं. आणि आपणही ऐकलं होतं हे कुणाला कळू नये, हेही होतं. कुठलं आधी होतं ते आता विचारू नका.

मिस्त्री ओंकारच्या घरी गेले. काय झालं ते मला ओंकारकडूनच कळलं, कारण महिन्याभराने तो कुबड्या घेऊन दुकानात आला. तोवर त्याच्या भावाने गाडी सोडवून भंगारात घातली होती, घरात कुणाला ती बघवत नव्हती. ओंकार म्हणाला, काका आले होते, माझ्यासमोर रडले, म्हणाले तुझी चूक नाही, माझी आहे, मला ऐकू येत नाही. पुढचं त्याला विचारायला जड जात होतं.

"काकू, खरंच त्यांना ऐकू येत नाही?"

आता मला वाटतं की तो एवढं एकच विचारायला दोन जिने उतरून, रिक्षा करून आला होता. तेव्हा मात्र मी घाईघाईने म्हणाले, अरे, वय झालं की थोडं होतंच. कामात कुठे काय? हळवे झालेत ते, तुझं दुःख बघवत नाही म्हणून अंगावर घेतायत.

त्याने मान डोलावली. "मला वाटलंच," म्हणाला. "त्यांनी वाजवून दिलेली गाडी, ती कशी सुटेल?" आल्यावर त्याच्या तोंडावर जे काही होतं ते एका क्षणात गेलं. त्याला मिस्त्रींचं बोलणं खरं असायला हवं होतं. स्वतःच्या हाताने बायको मारलेली नाही, एवढं कुणीतरी खात्रीने सांगायला हवं होतं. ते सांगू शकणारं माणूस त्याच्यासमोर बसलं होतं आणि बिल फाडत होतं.

त्यानंतर मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले. माझ्या हातून बाई मेली, मी बहिरा आहे, दुसरीकडे जा. लोक त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. कोण एवढं करतं आजकाल, असं म्हणायचे आणि गाडी तिथेच ठेवून जायचे. काम उलट वाढलं. ते एकदा स्वतः चौकीवर गेले, तर तिथल्याने त्यांना पाणी दिलं आणि बाबा, घरी जा म्हणाला. मी त्यांना जेवणाचा डबा पाठवायचे, तो तसाच परत यायचा. शिमग्याच्या आधी त्यांनी शेड सोडली.

भाचा टेम्पो घेऊन आला होता. भर दुपारची वेळ, सामान चढवून झालं होतं. भट्टीचा भाता तेवढा त्यांनी भंगारवाल्याला दिला. मी दुकानातून बाहेर येऊन उभी राहिले. इतक्यात ओंकार आला, एक पाय ओढत, हातात काठी. मिस्त्री जातायत हे त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. त्याने काठी टेम्पोला टेकवली आणि मोठ्या कष्टाने वाकून त्यांच्या पाया पडला. मिस्त्रींनी पाय मागे घेतले, पण मागे टेम्पो होता. त्यांना हलता आलं नाही.

"उठ रे," ते म्हणाले. "मी गुन्हेगार आहे तुझा."

ओंकार उठला आणि माझ्याकडे बघून कसनुसा हसला. अजून तेच बोलतात, असं म्हणाला. मिस्त्रींनीही माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी," एवढंच म्हणाले.

दोघं माझ्याकडे बघत होते. भाचा गाडी चालू करायला थांबला होता. मला कुणीही घाई केली नव्हती. बोलायला हवं तेवढा वेळ माझ्याकडे होता.

मी म्हणाले, "निघा मिस्त्री आता, उशीर केलात तर पुढे गर्दी लागेल."

त्यांना ते ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. माझे ओठ हलले ते त्यांना दिसले. ते वळले, दांड्याला धरून वर चढले, भाच्याशेजारी बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. टेम्पो नाक्यावरून वळेपर्यंत ओंकार हात जोडून उभा होता.

मग त्याने काठी घेतली आणि मला म्हणाला, "देवमाणूस आहे, काकू."

मी म्हणाले, "हो."